डावा जोडलेला आहे

इम्तियाज सोलकरच्या दुकानात, जयगडच्या धक्क्याला लागून,
मी पिग्मीची वही काचेवर ठेवली
आणि सगळ्यांत एकच लावून पाहिलं:
गेल्या शिमग्यातलं आमच्या वाडीचं नमन,
अप्पांचा मृदंग,
साऊंडवाल्यानं दोन माईक लावून घेतलेला.

दीडशेची वायर माझ्याकडे होतीच.
तिच्यात मृदंग म्हणजे पत्र्याच्या डब्यात टाकलेली सुपारी.
पण ती चार्जिंग मागत नाही,
आणि तिच्या फटींतून सगळं गाव आत येतं.
"गो दर्शना, आज वीसच घे, म्हावरा नाय गावला,"
हे गाण्याच्या मधोमध ऐकू येतं
आणि मी वीसच लिहिते.
तीन महिन्यांत पिनेवर हिरवट बुरा चढतो.
खारा वारा बिजागऱ्या खातो, चष्म्याची दांडी खातो,
तो हिला काय सोडणार.

गळ्यात अडकवायची, सातशेची.
हिच्यात मृदंग उधाणाच्या खाडीसारखा फुगतो,
नुसतं धुम्म,
अप्पांची बोटं कुठेच नाहीत.
वर मानेला घाम, घामाला रबर, रबराखाली पुरळ.
काढून ठेवली.

मग त्यानं डबी उघडली.
ओल्या काजूच्या गराएवढे दोन. साडेचार हजार.
"बाय, ही बाहेरचा आवाज मारते."
मारते म्हणजे?
"म्हणजे दारात उभाच करत नाय."
रबरं तीन मापांची. मला सगळ्यात लहान बसलं.
चाळिशीत पहिल्यांदा कळलं, माझे कान लहान आहेत.

घातली, आणि दुकान गेलं.
पंखा गेला, लाँचचं इंजिन गेलं, लिलावातली पापलेटं गेली.
उरले अप्पा.
कातड्यावर बोट घासल्याचा आवाज,
ओठांतल्या ओठांत चाललेली मोजणी,
आणि समेच्या जरा आधी एक श्वास,
तांदळाचं पोतं उचलताना घेतात तसा.
त्या रात्री मी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.
हा श्वास मला ऐकू आला नव्हता.

माझीच पिग्मी मोडून घेतली.

नऊ दिवस चालली.
काझीणबाई दोन हाका मारून थकल्या,
त्यांचे पन्नास उद्यावर गेले.
फेरीबोटीचा भोंगा एकदा चुकला,
सव्वा तास धक्क्यावर बसून राहिले,
कानात मात्र उत्तम झांज.
बायका म्हणू लागल्या, पतसंस्थेवालीला शिंगं फुटली.

दहाव्या दिवशी तवसाळला उतरताना
फळी धक्क्याला आपटली, त्या दणक्यात डावा सुटला.
लोखंडावर एकदा टण्ण.
मग फट. फटीखाली पाणी.

फोनवर लिहिलं होतं: डावा जोडलेला आहे. बॅटरी सत्तर टक्के.
मागून टेम्पोवाला हॉर्न देत होता, मी उभीच.
दोन माईकांतला उजवा झांजेचा,
डावा मृदंगाचा.
म्हणजे माझ्या कानात नुसती झांज, बिनबुडाची,
आणि खाली, शेवाळलेल्या पायऱ्यांशी,
कालवं चिकटतात त्या दगडांत कुठेतरी
अप्पा वाजवत होते.
चार सेकंद असतील. फार तर पाच.
मग फोननं शब्द बदलला.

इम्तियाज म्हणतो, एकटा डावा मागवता येतो,
अकराशे, पंधरा दिवस लागतील.
मी हो म्हटलेलं नाही. नकोही म्हटलेलं नाही.
वायरीची पिन ब्लेडनं घासून घेतली आहे.
ओहोटी असली की उतरताना जरा वाकते,
फळीवरचा पोरगा विचारतो, काय पडलं,
मी म्हणते, सुटे.

रात्री जेवताना अप्पांना सांगितलं,
डावा पाण्यात गेला.
त्यांनी भातात आमटी कालवली, विचार केला.
"डाव्याला कणीक भिजवून लावायची असते," म्हणाले,
"पण बेतानं. पाणी जास्त झालं का
आवाज बसतोच त्याचा."